साळवेबाईंचं बिनपाण्याचं काम

साळवेबाईंची आणि माझी ओळख व्हायच्या आधीच त्यांच्यापायी मी चांगल्या लोण्याचा अख्खा डबा फेकून दिला होता.

फरीदाबादला आमची सोसायटी, तिसरा मजला. साय साठवून घरी लोणी काढायची माझी जुनी सवय. तर एके दिवशी संध्याकाळी घरात वास आला. खवट लोण्याचा, पण साधा खवट नव्हे, नाक धरून पळावं असा. मी फ्रिज उघडला, डबा हुंगला. डब्याला वास नव्हता, घराला होता. तरी मी डब्यावर विश्वास ठेवला नाही, कारण घरात दुसरं लोणी नव्हतं. गेला डबा कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तोच वास. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आज काय फेकणार? मला?"

तिसऱ्या दिवशी मी दार उघडं टाकून उभी राहिले. लिफ्ट थांबली आणि आतून पाचव्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा बाहेर पडल्या. नाकाला दुपट्टा. राहिलेले मजले त्या जिन्याने चढून गेल्या, एरवी ज्या दूधवाल्याकडे जायलाही गाडी काढतात. त्यांच्या मागून एक ठेंगणीशी बाई उतरली. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, तपकिरी स्वेटर, दोरीला अडकवलेला चष्मा. समोरच्या फ्लॅटचं कुलूप काढता काढता तिने आमच्या दारावरची पाटी वाचली आणि वळून म्हणाली, "मराठी का? बरं झालं. मी साळवे, नगरची. आई आणि मी राहायला आलोय. आणि हा वास येतोय ना, तो माझा आहे."

बरोबर आलेल्या नातवाची ओळख करून द्यावी तसं म्हणाली.

डॉक्टर मार्था साळवे. डॉक्टर म्हणजे औषधवाल्या नाहीत, संशोधनवाल्या. जवळच्याच एका प्रयोगशाळेत होत्या. लग्न केलं नव्हतं. घरात त्यांची आई, पंच्याऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांनी दिसत नसलेली. सगळी बिल्डिंग त्यांना आजी म्हणायची. अरोरांची दिल्लीत जन्मलेली नातवंडंसुद्धा दादी सोडून आजीच म्हणायची.

साळवेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकी उघडायच्या. विचारायच्या नाहीत. थंडी असो, उन्हाळ्यातली गरम लू असो, सरळ जाऊन खटका काढायच्या आणि मग खिडकीलगतच्या खुर्चीत बसायच्या. "माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी," म्हणायच्या. चहा बिनदुधाचा. दूध, लोणी, तूप यांच्याशी त्यांचं दिवसभराचं नातं होतं, संध्याकाळी त्यांना त्याचं नावही नको असायचं.

मी शाळेत जेमतेम दहावीपर्यंत गेलेली. पुढचं जे काय शिकले ते वाचून आणि लोकांना छळून. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, तुम्ही नक्की करता काय?"

त्या खुलल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारतच नसे, लोक फक्त वासाचं विचारत. म्हणाल्या, "ताई, एन्झाइम माहितीय ना? पोटात असतात, कपड्यांच्या पावडरीत असतात. तेलाचा डाग जातो तो त्यांच्यामुळे. पाण्यात असली की ती तेल तोडतात. शंभरातल्या नव्व्याण्णव शास्त्रज्ञांना विचारा, सांगतील, एन्झाइमला पाणी हवंच. मी पाणी काढून घेते."

"मग मरत नाहीत?"

"मरत नाहीत. उलटं वागायला लागतात. पाण्यात जे तोडत होतं, तेच एन्झाइम पाणी नसलं की जोडायला लागतं."

मी म्हटलं, "आमच्या नणंदबाई अगदी अशाच. माहेरी आल्या की तोडतात, सासरी गेल्या की जोडतात."

त्या इतक्या हसल्या की काळा चहा नाकात गेला. पण नंतर मी जेव्हा जेव्हा असं काही म्हणायला जायची, की बघा, आपण मराठी माणसंही अशीच, आपल्या पाण्यातून उचलून इथे आणून टाकलेली, तेव्हा मात्र त्या हात वर करायच्या. "नको ताई. माणसांना एन्झाइम म्हणू नका. एन्झाइमं त्याहून शहाणी असतात."

वासाचं गुपित मला तेव्हाच कळलं. लोणी खवटतं तेव्हा त्यात जे आम्ल तयार होतं, ब्युटिरिक ॲसिड म्हणतात, ते साळवेबाई बाटलीतून घ्यायच्या. त्याच्यात अल्कोहोल आणि हे एन्झाइम. पाण्यात टाकलं तर काही घडत नाही. पण बिनपाण्याच्या द्रवात टाकलं की दोन्ही जोडली जाऊन अननसाचा वास तयार होतो. खाऱ्या शेवेला लिंबू पिळल्यासारखं सोपं सांगायच्या. पण अननस राहायचा प्रयोगशाळेत, आणि घरी यायचं ते आम्ल, केसांत आणि लोकरीत बसून. पांढरा कोट तिथेच ठेवायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या, तरी यायचंच.

"आणि ते बिनपाण्याचं पाणी आणता कुठून?" मी विचारलं.

"उन्हात करता येतं. दाखवते," म्हणाल्या.

दाखवलं ते पुढे मे महिन्यात. गच्चीवर माझे पापड वाळत होते. साळवेबाईंनी स्टीलच्या वाटीत दोन पांढऱ्या पावडरी मिसळल्या. एक युरिया, शेतात टाकतात तो. दुसरी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती. दोन्ही कोरड्या ठक्क. वर काच झाकली आणि म्हणाल्या, "दुपारपर्यंत पातळ होईल. थेंबभर पाणी न घालता."

आता आमचे हे आयुष्यभर ऑडिटमध्ये. निवृत्त झाले तरी संशय काही सेवेतून निवृत्त होत नाही. त्यांना वाटलं, कुणीतरी मध्येच पाणी घालणार. म्हणून छत्री, खुर्ची आणि कापडी टोपी घेऊन हे त्या वाटीशेजारी बसले. मी जेवायला हाक मारली, आले नाहीत. ताट वर नेऊन दिलं, तर पाण्याचा तांब्या त्यांनी वाटीपासून लांब, पार जिन्यात ठेवायला लावला. पापडांवर कावळे बसून गेले ते ह्यांना दिसले नाहीत. वाटीतल्या पावडरी आधी ओल्या साखरेसारख्या झाल्या, मग कडेने सुटल्या, आणि दुपार कलायच्या आत वाटीत स्वच्छ पारदर्शक पाक. हे खाली आले ते लालबुंद होऊन. साळवेबाईंना म्हणाले, "बाहेरून पाणी मिसळल्याचं आढळून आलं नाही."

"लिहून द्याल?" बाई म्हणाल्या. "आमच्या रिव्ह्यू कमिटीचा अजून विश्वास नाही."

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागला नाही, पण पसरली ती भलतीच. की मॅडम बिना पानी का काम करती हैं. त्या आठवड्यात टँकर आला नव्हता. आमचे सेक्रेटरी भाटियासाहेब जिन्यातच गाठ पडल्यावर हात जोडून म्हणाले, "मैडम, आप तो बिना पानी के सब कर लेती हैं. सोसायटी के लिए भी कुछ कीजिए."

साळवेबाई गंभीरपणे म्हणाल्या, "कर सकती हूँ भाईसाहब. लेकिन नहाने के बाद आप चिपचिपे रहेंगे."

एक गोष्ट मात्र त्या कधी थट्टेत घ्यायच्या नाहीत. पाणी पूर्ण काढलं, अगदी शेवटचा कण, तर एन्झाइम काम थांबवतं. अंगाला चिकटून एवढंसं पाणी त्याला ठेवावंच लागतं. किती, ते कळायलाच त्यांची निम्मी नोकरी गेली होती. "ऊब द्या, वेळ द्या, हलवत राहा, आणि एवढंसं पाणी सोडा," त्या म्हणायच्या, "मग काहीही होतं." आणि मग आजींना औषध द्यायची वेळ झाली म्हणून उठायच्या.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून हसू येतं, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

साळवेबाईंची ही दिल्लीकडची पहिली जागा नव्हती. करोल बागेत एका साडीवाल्याच्या वर राहत होत्या, तिथून निघावं लागलं, कारण गिऱ्हाइकं साड्या हुंगून परत ठेवायला लागली होती. त्यानंतर आणखी जागा झाल्या, सगळीकडे तेच. प्रत्येक वेळी आजींना नवं घर हातांनी शिकावं लागायचं. भिंत कुठे, मोरी कुठे, उंबरा आहे की नाही. मागच्या घरात शिकता शिकता पडल्या आणि खुबा मोडला. आमच्या समोरचं घर मात्र त्यांना पाठ झालं होतं. भिंतीला बोटही न लावता स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहा करायच्या. साळवेबाई मला एकदाच म्हणाल्या, "ताई, अजून एक घर तिला शिकवणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

आणि तेवढ्यात मिसेस अरोरांनी तक्रार दिली. वासाची होतीच, पण वासाला पाय फुटले होते. मॅडम घरात काहीतरी सडवतात. हाडं उकळतात. कुणी म्हणालं दारू गाळतात. घरमालक कॅनडात, त्याने फोनवर हात झटकले, सोसायटी म्हणेल तसं. म्हणजे रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार, साळवेबाई राहणार की जाणार.

शनिवारी त्या आल्या, खिडकी उघडली, बसल्या. "ताई, तुमची मीटिंग चालते किती वेळ?"

"विषयावर आहे. पार्किंग निघालं तर दुपार जाते."

"मग निघू दे," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या हॉलमध्ये एसी आहे का?"

"कूलर आहे, तोही बिघडलेला."

"उत्तम," म्हणाल्या.

मला काही कळेना. रविवारी बाई आल्या त्या काचेचं बूच लावलेली एक बाटली घेऊन. आत तोच पाक, ते आम्ल, अल्कोहोल आणि तळाला मोहरीएवढे पांढरे मणी. त्या मण्यांवर एन्झाइम चिकटवलेलं असतं. त्या सरळ पुढे गेल्या आणि भाटियासाहेबांच्या टेबलावर, त्यांच्या अगदी समोर, बाटली ठेवली. म्हणाल्या, "आप सब पूछते हैं मैं क्या सड़ाती हूँ. जो करती हूँ वो इसमें है. मेरा नंबर आए तब खोलिएगा. मेरा मामला आख़िर में लीजिए."

परत येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि कोपराने ढोसलं. "पाय बघा."

मग माझ्या लक्षात आलं. भाटियासाहेबांना बसल्या जागी पाय हलवायची सवय. गुडघा टेबलाला लागलेला, टेबल थरथरतंय आणि बाटलीतला पाक गोल गोल फिरतोय. "लॅबमध्ये यासाठी मशीन असतं," साळवेबाई कुजबुजल्या. "ह्यांच्याइतकं नियमित नाही चालत."

म्हणजे ऊब फरीदाबादच्या मे महिन्याने दिली, हलवायला भाटिया होते. राहिला वेळ. पहिला विषय गच्चीच्या गळतीचा, तो लवकर संपला. भाटियासाहेब "चलो, अगला" म्हणाले आणि साळवेबाईंनी हात वर केला. ज्यांच्याकडे साधी सायकल नव्हती त्यांनी विचारलं, "भाईसाहब, ये विज़िटर पार्किंग का क्या हुआ?"

मग काय विचारता. दुसऱ्या मजल्यावरचे गुप्ता उठले, पहिल्यावरचे चढ्ढा उठले. कुणाची इनोव्हा कुणाच्या रेषेवर, ते थेट मागच्या वर्षीच्या लग्नातल्या तंबूपर्यंत गेलं. भाटियासाहेब चिडले की पाय आणखी जोरात. बाटली नुसती नाचत होती. पार्किंग थंडावायला लागलं तशा बाई मला म्हणाल्या, "आता तुमची पाळी."

मी उठले आणि म्हणाले, "और ये कुत्तों को गेट पर कौन खिलाता है?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांना मी आज कळले. कुत्र्यांवर सोसायटीत दोन पक्ष होते आणि दोन्ही हजर होते. गार झालेले समोसे संपले, माणसं घामाने भिजली, लहान पोरं झोपून गेली. शेवटी भाटियासाहेब थकून म्हणाले, "अब मैडम वाला."

साळवेबाई पुढे गेल्या. बूच काढून ते आणि बाटली त्यांनी दुसऱ्या कुणाकडे नाही, मिसेस अरोरांकडे दिली.

अरोरांनी आधी हात लांब धरून हुंगलं. मग जवळ आणून हुंगलं. "ये तो," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "ये तो पाइनऐपल है."

बाटली हातोहात फिरली. कुणी जेली म्हणालं, कुणी केक म्हणालं, गुप्ता म्हणाले माझ्या मेहुणीच्या लग्नातलं सरबत. भाटियासाहेबांनी पुन्हा पुन्हा हुंगलं. साळवेबाईंनी सांगितलं की हे त्यांच्याच पायाने झालं, तेव्हा त्यांनी आपल्या गुडघ्याकडे असं पाहिलं जसं कुणी पोराचा निकाल बघतं.

सगळं जुळून येत होतं. तेवढ्यात बाटली आमच्या ह्यांच्याकडे आली. ह्यांनी डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाले, "दोन्ही येतंय. अननस आहे. पण मागे लोणीही आहे."

मी ह्यांचा पाय तुडवला. उशीर झाला होता.

मिसेस अरोरा लगेच म्हणाल्या, "देखा, बदबू तो है ना फिर भी."

आता साळवेबाईंनी नाही म्हणायचं होतं. एक साधं नाही. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते. पण त्या म्हणाल्या, "है. पूरा नहीं हुआ अभी. जितना जुड़ना था उतना नहीं जुड़ा. कुछ घंटे और चाहिए थे." आणि मग खाली बघत, हळू आवाजात, "और बालों में जो रहता है वो तो रहेगा. मैं झूठ नहीं बोलूँगी."

मला वाटलं, गेलं घर.

भाटियासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. ते पण सरकारी नोकरीतलेच, बरं का. म्हणाले, "मतलब प्रोसेस अभी चालू है."

"जी."

"तो जब तक प्रोसेस पूरी नहीं होती, सोसायटी फ़ैसला कैसे ले सकती है? अधूरे में फ़ैसला नहीं होता." आणि अरोरांकडे वळून, "भाभीजी, आप ही बताइए, होता है?"

मिसेस अरोरांच्या हातात अजून बाटलीचं बूच होतं. ते त्यांनी नकळत नाकाशी नेलं. "अगली मीटिंग में देख लेंगे," त्या म्हणाल्या.

आम्ही वर गेलो. दार लोटलेलंच होतं. आजी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, अंगावर बाहेर जायचं लुगडं, मांडीवर बायबल, पायाशी बांधलेलं गाठोडं. सकाळपासून तशाच बसल्या असाव्यात. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण इतकी घरं सोडलेल्या बाईला मीटिंग म्हणजे काय ते कळतं.

"काय म्हनले?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या मीटिंगमध्ये बघू म्हणाले," साळवेबाई म्हणाल्या.

"म्हंजी किती दिस?"

मी पुढे झाले आणि म्हटलं, "आजी, मी सोसायटीत पहिल्यापासून आहे. गच्चीच्या गळतीचंही पुढच्या मीटिंगमध्येच बघणार होते. अजून गळतेय. कायमचं समजा."

आजींनी वाकून गाठ शोधली आणि गाठोडं सोडायला सुरुवात केली. आमचे हे, जे मागे दारात अपराध्यासारखे उभे होते, ते पुढे येऊन एकेक वस्तू त्यांच्या हातात देऊ लागले.

तो विषय पुढे कधी निघाला नाही. प्रत्येक मीटिंगच्या यादीत असायचा, तळाला, आणि तिथपर्यंत कुणी पोचायचं नाही. साळवेबाई त्याच घरातून निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेतून आल्या, तीनदा नाहल्या, तपकिरी स्वेटर कामवालीला दिला. थोड्याच दिवसांत लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर माणसं शेवटपर्यंत जायला लागली.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही गुडगावला मुलाकडे राहायला निघालो. सामान खाली गेलं होतं, मी रिकाम्या घराला कुलूप लावायच्या बेतात. दाराच्या फटीतून पाहिलं तर लिफ्टमधून साळवेबाई उतरल्या, हातात भाजीची पिशवी. घराच्या दाराशी थांबल्या. पिशवी खाली ठेवली, पर्समधून एक इवलीशी बाटली काढली, बूच पदराच्या टोकाला टेकवलं आणि ते टोक कानामागे, गळ्याला लावलं. लग्नाला निघालेली बाई अत्तर लावते, तसं. पायऱ्यांपर्यंत खवट लोणी पसरलं.

मी दार उघडलं. त्या दचकल्या, मग हसल्या.

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

"तिला मी सापडेना झालेय, ताई," त्या म्हणाल्या. "परवा जवळ जाऊन बसले तर म्हणाली, कोण बाई तुम्ही, साबणाचा वास येतोय. माझी पोरगी कामावरून यायचीय अजून, म्हणाली." बाटली पर्समध्ये टाकून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "अरोरांना बोलू नका."

मग पिशवी उचलून त्यांनी दार ढकललं.

"आलीस का गं?" आतून आवाज आला.

"आले, आई," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.